सायकलींची शर्यत गावावरून जाणार? गाडी कुठं लावायची, उभं कुठं राहायचं

सपाट रस्त्यावर मोठ्या शर्यतीतला सायकलींचा घोळका ताशी ४५ किलोमीटरने पळतो. म्हणजे सेकंदाला साडेबारा मीटर. दीडशे-पावणेदोनशे सायकलपटू एकत्र असले तर त्या घोळक्याची लांबी दोन-अडीचशे मीटर भरते. हिशेब सोपा आहे, पहिला सायकलपटू समोरून गेल्यापासून शेवटचा जाईपर्यंत जेमतेम वीस सेकंद. सकाळी नऊपासून फाट्यावर उन्हात उभं राहायचं, पोरांना खांद्यावर घ्यायचं, मोबाईल काढेपर्यंत सगळं संपलेलं. मग परत जायला निघावं तर मोटारसायकल रस्त्याच्या पलीकडं आणि पोलिस काही रस्ता ओलांडू देत नाहीत.

जानेवारी २०२६ मध्ये पुणे जिल्ह्यात 'पुणे ग्रँड टूर' झाली तेव्हा पहिल्यांदाच एवढ्या मोठ्या दर्जाची शर्यत ग्रामीण तालुक्यांतून गेली. १९ ते २३ जानेवारी असे पाच दिवस आणि एकूण ४३७ किलोमीटर. आंतरराष्ट्रीय सायकलिंग संघटनेच्या, म्हणजे यूसीआयच्या भाषेत ती २.२ दर्जाची होती. यातला पहिला आकडा २ म्हणजे अनेक दिवसांची, टप्प्याटप्प्यांची शर्यत. एका दिवसाची असेल तर तिथं १ येतो. पुढचा आकडा म्हणजे शर्यतीचा वर्ग. देशात या दर्जाची टप्प्यांची शर्यत याआधी झाली नव्हती. जुन्या लोकांना मुंबई-पुणे सायकल शर्यत आठवते, बोरघाट आधी चढणाऱ्याला 'घाटाचा राजा' म्हणायचे तीही आठवते. पण बांधाला लागून जाणाऱ्या रस्त्यावर परदेशी संघ, त्यांच्या गाड्या, पुढं-मागं पोलिसांचा ताफा हे नवीन होतं. अशी शर्यत पुन्हा कोणत्याही तालुक्यातून गेली तर बघणाऱ्याने आणि ज्याला बघायची नाही पण ज्याचा रस्ता अडणार आहे त्यानेही काही गोष्टी आधीच ठरवून ठेवाव्या लागतात.

वेळ कशी काढायची

सगळ्यात आधी लागतो तो वाहतूक बंदचा आदेश. जिल्हा प्रशासन आणि पोलिस तो शर्यतीच्या आधी काढतात आणि कोणता रस्ता कधीपासून कधीपर्यंत बंद हे त्यात लिहिलेलं असतं. व्हॉट्सअपवर फिरणाऱ्या नकाशावर विसंबू नये. एकाने बनवलेला नकाशा दहा गटांत फिरतो आणि मधेच मार्ग बदलला तर जुनाच फिरत राहतो. पोलिस पाटील, ग्रामसेवक किंवा पोलिस ठाण्यात आदेशाची प्रत मिळते, तिचा फोटो काढून ठेवावा.

रस्ता बंद होण्याची वेळ आणि शर्यत येण्याची वेळ या दोन वेगळ्या गोष्टी. बऱ्याच जणांचा घोटाळा इथंच होतो. रस्ता सायकली यायच्या बराच आधी बंद होतो. तेव्हा 'शर्यत दोनला येणार, आपण पावणेदोनला निघू' असं म्हणणारा दीड किलोमीटर अलीकडंच अडकतो.

शर्यत नेमकी कधी येईल हे आयोजकही एका मिनिटावर सांगू शकत नाहीत. ते वेळापत्रक काढतात तेच दोन-तीन वेगांचं धरून. पुणे ग्रँड टूरचा पुरंदर-बारामती टप्पा १३४ किलोमीटरचा होता. तेवढ्या अंतराचा टप्पा धरू आणि समजा सुरुवात दुपारी १२ ला आहे, आपलं गाव ९० व्या किलोमीटरवर आहे. ताशी ४४ च्या वेगाने पहिला सायकलपटू २ वाजून ३ मिनिटांनी येईल, ४० च्या वेगाने सव्वादोनला आणि समोरून वारा असला, वेग ३८ वर आला, तर २ वाजून २२ मिनिटांनी. म्हणजे वीस मिनिटांचा फरक. त्यात आणखी एक मेख आहे. झेंडा दाखवला की लगेच शर्यत सुरू होत नाही. आधी काही किलोमीटर सगळे गाडीच्या मागं सावकाश जातात, लोकांना हात करत. गावाबाहेर आल्यावर खरी सुरुवात होते आणि किलोमीटर तिथून मोजतात. दहा-पंधरा मिनिटं त्यात जातात.

एवढं धरून आपण किमान तासभर आधी जागेवर असावं. आधी पोचल्याचा तोटा नाही. पहिली पोलिस गाडी आली की शर्यत आली असं मात्र समजू नये, पुढची वाहनं बरीच पुढं धावतात.

गाडी रानात लावताना

शर्यतीच्या रस्त्यावर गाडी लावता येत नाही. साइडपट्टीवरही नाही. 'आपली गाडी तर डांबराच्या खाली आहे' हे चालत नाही, कारण वळणावर घोळका डांबराच्या कडेपर्यंत पसरतो आणि ब्रेक फसला की साइडपट्टीवरच उतरतो. उभी चारचाकी तिथं असली तर तो तिच्यावर जाऊन आदळणार. म्हणून अशी वाहनं पोलिस उचलून नेतात.

गाडी लावायचा पहिला नियम हा की ज्या बाजूला घर त्याच बाजूला गाडी आणि त्याच बाजूला आपण. शर्यतीचा रस्ता हा त्या दिवशी भरलेला ओढा समजावा. पूर येण्याआधी जो ज्या काठाला, तो पाणी उतरेपर्यंत त्याच काठाला. दुसरा नियम, मुख्य रस्त्यापासून अर्धा-एक किलोमीटर आत, गावच्या जोडरस्त्यावर गाडी लावून चालत जावं. आणि लावतानाच तोंड घराकडं करून लावावी. सगळे एकदम निघतात तेव्हा वळवायला जागा मिळत नाही.

रानात लावायची तर मालकाला विचारून. पाहुणे मंडळींना शहरातून येताना मोकळं दिसतं ते रान मोकळं असतंच असं नाही. जानेवारीत हरभरा घाट्यावर असतो, गहू ओंबीवर येतो, कांद्याची लागण नुकतीच झालेली असते. पेरलेलं नाही म्हणून गाडी घालावी तर आदल्या रात्री पाणी दिलेलं निघतं आणि चारचाकीचं चाक रुतून बसतं, मग ट्रॅक्टर शोधत फिरा. मळलेलं खळं, शाळेचं पटांगण, आठवडे बाजाराची जागा, देवळासमोरचा माळ या जागा चांगल्या.

एक गोष्ट मात्र नीट सांगायला हवी. ऊस तुटून गेलेल्या रानात पाचट पसरलेलं असतं आणि ते दुपारी कडकडीत वाळलेलं असतं. तीस-चाळीस किलोमीटर पळून आलेल्या मोटारसायकलचा सायलेन्सर तापलेला असतो. त्या पाचटावर गाडी आडवी झाली किंवा सायलेन्सरला पाचट लागलं तर ठिणगीची गरज पडत नाही. शेजारी उभा ऊस असला आणि रस्ते बंद असले तर अग्निशमनची गाडी कुठून येणार? ज्यांची रानं रस्त्याकडेला आहेत त्यांनी पार्किंगचे दहा-वीस रुपये घेण्याआधी पाचटाचा तेवढा पट्टा ओढून काढावा. नसेल होत तर गाड्या घेऊ नयेत.

कालव्याच्या भरावावर, चारीच्या कडेला गाड्या लावू नयेत. भराव खचतो आणि पाटकऱ्याची वाटही अडते. पेट्रोल पंपावर लावणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावं की पंपाचं तोंड शर्यतीच्या रस्त्यावरच असतं, बंद उठेपर्यंत तिथून बाहेर पडता येत नाही.

जागा निवडावी ती चढाची

वीस सेकंदांत संपणारी शर्यत बघायची नसेल तर चढ गाठावा. सहा-सात टक्क्यांच्या घाटात हाच घोळका ताशी वीसच्या आसपास येतो आणि फुटतो. पुढं पाच-सहा जण, मग वीस-पंचवीस, मग तिघं, मग एकटा दम टाकत येणारा, असं दहा-पंधरा मिनिटं चालतं. तोंडं दिसतात, घाम दिसतो, कोण कोणाला सोडवून जातोय हे कळतं. चढ संपायच्या दोन-तीनशे मीटर अलीकडची जागा सगळ्यात चांगली. माथ्यावर मात्र गर्दी होते आणि माथ्यानंतर लगेच उतार असतो. उतारावर सत्तर-ऐंशीचा वेग असतो, तिथं उभं राहायचंच नाही.

फ्रान्समधल्या टूर द फ्रान्सला लोक हेच करतात. आल्प द्युएझ नावाचा घाट आहे, जवळपास १४ किलोमीटरचा, २१ वळणांचा. तिथं शर्यत असली की लोक दोन-तीन दिवस आधी राहुट्या, गाड्या घेऊन जातात, स्वयंपाक तिथंच करतात. आपल्याकडं पालखी मुक्कामाला जशी मंडळी आधी जाऊन जागा धरतात तसं. उशिरा येणारे पायथ्याला गाडी लावून चालत चढतात. पालखीची सवय असलेल्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही.

घाट जवळ नसेल तर काटकोनात वळण असलेला चौक बघावा. तिथं वेग कमी होतो. पण वळणाच्या बाहेरच्या बाजूला उभं राहू नये. सायकल घसरली तर ती वळणाच्या बाहेरच फेकली जाते. आतल्या बाजूला, डांबरापासून चार-पाच पावलं मागं उभं राहावं. दुभाजक, गतिरोधक, रस्ता अरुंद होण्याची जागा अशा ठिकाणी मार्शल शिट्टी आणि पिवळा झेंडा घेऊन उभा असतो. तो सायकलपटूंना लांबून दिसायला हवा, त्याच्या पुढं गर्दी करू नये आणि त्याच्या शेजारी डीजे लावू नये, शिट्टी ऐकू येत नाही. ढोल-ताशा बाजूला घेऊन खुशाल वाजवा.

वैयक्तिक शर्यत असेल, म्हणजे एकेक सायकलपटू ठराविक अंतराने सुटत असेल, तर मग जागेचा प्रश्नच नाही. मिनिटाला एक सुटला आणि दीडशे जण असले तरी अडीच तास एकाच जागी बसून प्रत्येकाला बघता येतं. पुणे ग्रँड टूरचा पहिला दिवस तसाच होता. लहान मुलं, म्हातारी माणसं यांना घेऊन जायचं असेल तर असा दिवस निवडावा. शहरात जावं लागलं तरी परवडतं.

दोनदा बघायची हौस असते. एकदा गावाजवळ आणि आडवाटेने जाऊन पुढं दुसऱ्यांदा. हे जमतं, पण गणित मांडून. शर्यतीचा मार्ग धनुष्यासारखा वाकलेला हवा आणि आपली वाट दोरीसारखी सरळ, शिवाय ती शर्यतीच्या रस्त्याला मधे कुठं छेदणारी नको. समजा धनुष्य ५० किलोमीटरचं आहे आणि दोरी २० ची. ४२ च्या वेगाने सायकलींना सत्तर मिनिटं लागतील. आपल्याला शेवटची गाडी जाईपर्यंत वीस मिनिटं थांबावं लागणार, गाडीपर्यंत चालत जाणं, खेड्यातल्या रस्त्याने २० किलोमीटरला अर्धा तास, पुन्हा गाडी लावून चालत जाणं पंधरा मिनिटं. झाली की पासष्ट-सत्तर. त्यापेक्षा एकाच जागी बसून भेळ खाल्लेली बरी.

घोळका गेला म्हणजे शर्यत गेली नाही

यातला धोका लोकांच्या लक्षात येत नाही, म्हणून जरा थांबून बघायला हवं. पुढचा घोळका गेला की लोक टाळ्या वाजवून रस्त्यात उतरतात. त्यांना वाटतं संपलं. पण घोळक्याच्या मागं संघांच्या गाड्या असतात, टपावर सायकली लावलेल्या, एकामागोमाग एक. पंचांच्या गाड्या, डॉक्टर, रुग्णवाहिका, मोटारसायकलवरचे फोटोग्राफर. पंक्चर झालेला सायकलपटू मागं पडलेला असतो, तो या गाड्यांच्या मधून वाट काढत जिवाच्या आकांताने पुढं जात असतो. त्याचं लक्ष समोरच्या बंपरवर असतं, रस्त्यात उतरलेल्या माणसावर नसतं. मग मागचा दुसरा गट, तिसरा गट. सगळ्यात शेवटी ती गाडी येते जिच्यात शर्यत सोडलेले बसतात, तिला जगभर झाडूगाडी म्हणतात. तिच्यामागं पोलिस. पोलिसांनी रस्ता मोकळा केल्याशिवाय पाऊल टाकायचं नाही.

पोरं धावतात ती पाण्याच्या बाटलीसाठी. सायकलपटू रिकामी बाटली फेकतात, रंगीत असते, पोरांना हवी असते. ती फेकलेली बाटली घरंगळत रस्त्याच्या मधे गेली की पोरगं तिच्यामागं. तेव्हा लहान मुलाचा हात सोडायचा नाही. बाटली मागून उचलता येते, ती कुठं पळून जात नाही.

माणसांकडून काय होऊ शकतं याची उदाहरणं आहेत. २०२१ च्या टूर द फ्रान्सच्या पहिल्याच दिवशी एक बाई आजी-आजोबांसाठी लिहिलेला फलक घेऊन रस्त्याकडेला उभ्या होत्या. तोंड टीव्हीच्या कॅमेऱ्याकडं, पाठ येणाऱ्या सायकलींकडं. फलक एका जर्मन सायकलपटूला लागला, तो पडला आणि त्याच्यावर मागचे कितीतरी जण. पुढं कोर्टात त्यांना १२०० युरोचा दंड झाला. १९९९ मध्ये त्याच आल्प द्युएझ घाटात पहिल्या क्रमांकावर असलेल्या इटलीच्या ज्युसेप्पे ग्वेरिनीला फोटो काढायला मधे आलेल्या प्रेक्षकाने पाडलं. तो उठला आणि तरीही टप्पा जिंकला, पण सगळ्यांचं नशीब तसं नसतं. सेल्फीसाठी पाठ करून उभं राहणं हे तिकडंही झालं, इकडंही होणार.

आपल्याकडच्या सवयी वेगळ्या, त्यांचाही विचार करावा. हार घालायला कोणी पुढं येऊ नये, गुलाल उधळू नये, पाणी मारू नये. उन्हात दमलेला दिसतो म्हणून पाण्याचा तांब्या पुढं करणं हे आपलं वळण आहे, पण चाळीसच्या वेगातल्या माणसाला तो तांब्या धोंड्यासारखा लागतो. त्यांना पाणी-खाणं द्यायची जागा ठरलेली असते, त्यांचीच माणसं देतात. स्वागताची कमान आणि फ्लेक्स लावायचा तर दोरी सुटून रस्त्यावर लोंबणार नाही असा. आणि संक्रांतीच्या आगेमागे शर्यत असेल तर रस्त्यावर आडवा अडकलेला पतंगाचा मांजा आदल्या दिवशीच शोधून काढावा. गळ्याच्या उंचीला असलेला मांजा काय करतो हे मोटारसायकलवाल्यांना सांगायला नको.

ज्यांचं रान रस्त्याला लागून आहे

बघणाऱ्यांपेक्षा यांचं काम जास्त. कुत्रं बांधून ठेवावं, आणि दारातल्या खांबाला लांब दोरीनं नव्हे, मागच्या अंगणात. २००७ च्या टूर द फ्रान्समध्ये एकाच वर्षी दोन वेळा कुत्र्याला धडकून सायकलपटू पडले. शेळ्या-गुरं त्या दोन-तीन तासांत रस्त्याकडेला चारायला सोडू नयेत. मेंढरांचा कळप घेऊन कोणी मुक्कामाला असेल तर त्याला गावकऱ्यांनी आधी कल्पना द्यावी, त्याच्यापर्यंत आदेश पोचलेला नसतो.

ठिबकचा, तुषारचा पाइप रस्त्यावरून आडवा टाकलेला असतो तो काढावा. तुषारचं तोंड डांबरावर पाणी उडवत असेल तर त्या दिवशी बंद ठेवावं. वाफशाच्या रानातून ट्रॅक्टर बाहेर काढताना टायरची माती डांबरावर पडते. आपल्या गाडीला ती काही करत नाही, पण बोटभर रुंदीचे टायर असलेली सायकल वळणावर त्याच मातीवरून सटकते. ट्रॉलीतून पडलेली उसाची कांडकी, खडी, वाळू आदल्या संध्याकाळी झाडून घ्यावी. एका वळणाला दोन माणसं आणि अर्धा तास लागतो.

गळीत हंगामात खरी कोंडी उसाची होते. तोडलेला ऊस भरून ट्रॅक्टर दोन ट्रॉल्यांसह निघाला आणि मधेच रस्ता बंद झाला तर तीन-चार तास उन्हात वजन घटतं, मागच्या खेपा लांबतात, टोळी बसून राहते. मुकादम आणि कारखान्याच्या शेतकी गटाशी दोन दिवस आधी बोलून त्या दिवशीची तोड दुसऱ्या बाजूच्या रानात लावून घ्यावी किंवा भरलेलं वाहन पहाटेच बाहेर काढावं. दुधाचं संकलन सकाळी लवकर आणि संध्याकाळी होतं म्हणून ते सहसा सापडत नाही, पण टँकरची वेळ दुपारची असेल तर संस्थेच्या सचिवाने विचारून ठेवावं. मोटर रस्त्यापलीकडच्या विहिरीवर असेल आणि वीज नेमकी त्याच वेळी असेल तर एक माणूस आधीच पलीकडं धाडावा, डबा बरोबर देऊन.

घरात डायलिसिसचा रुग्ण असेल, बाळंतपणाचे दिवस भरलेले असतील तर वाट बघत बसू नये. त्या दिवशीची डायलिसिसची वेळ बदलून घ्यावी, दिवस भरलेल्या बाईला आदल्या दिवशीच रस्त्यापलीकडच्या किंवा शहरातल्या नातेवाइकांकडं नेऊन ठेवावं. अचानक काही झालं तर १०८ ला फोन करावा आणि सोबत जवळच्या बंदोबस्तावरच्या पोलिसाला जाऊन सांगावं. त्याच्याकडं वॉकीटॉकी असतो, पुढची-मागची वाहनं कुठं आहेत हे त्याला कळतं, दोन गटांच्या मधल्या वेळात रुग्णवाहिका काढून देणं त्याला जमतं. स्वतःच्या गाडीतून बॅरिकेड बाजूला सारून निघायचं नाही, समोरून काय येतंय हे आपल्याला दिसत नसतं.

झाडूगाडी गेली, पोलिसांनी दोरी सोडली की एकदम सगळे निघतात आणि फाट्यावर तासभर कोंडी होते. उसाच्या ट्रॉल्यांची रांग आधी जाऊ द्यावी. चढ असला तर भरलेली ट्रॉली मधे थांबवणं बरं नाही, पुन्हा उचलताना ती मागं येते. ज्यांना गडबड नाही त्यांनी अर्धा तास तिथंच बसावं, भाकरीचं गाठोडं सोडावं.